कॅट ट्री घ्यावं का? एका सर्वेक्षणाचं जरा कडक वाचन

भाड्याच्या फ्लॅटमध्ये सोफा घरमालकांचा असतो आणि मांजर आपलं. गेल्या पावसाळ्यात आमच्या बोक्याने सोफ्याच्या उजव्या हाताचं कापड इतकं ओरबाडलं की आतला स्पंज दिसायला लागला. रात्री तिघा फ्लॅटमेट्सची बैठक बसली. एक म्हणाला, कॅट ट्री मागवू. तीन मजली आहे, साडेपाच हजार, तिघांत वाटून घेऊ. दुसरा म्हणाला, त्यापेक्षा बोकाच कुणाला तरी देऊन टाकू. डिपॉझिटमधून सोफ्याचे पैसे कापले तर ते कोण भरणार? मग दोघांनी माझ्याकडे बघितलं. "तू पीएचडी करतोयस ना? मग रिसर्च काय म्हणतो ते सांग."

प्रश्न घरगुती आहे, पण त्याची रचना ओळखीची आहे: एक महाग उपाय, एक नकोसा उपाय, आणि निर्णयाला आधार म्हणून एक पेपर. तुम्ही पेट, नेट किंवा पीएचडीच्या मुलाखतीची तयारी करत असाल, तर 'पेपर क्रिटिकली वाचा' हे वाक्य तुम्ही शंभरदा ऐकलं असेल. म्हणजे नेमकं काय करायचं, हे मात्र सहसा कोणी शेजारी बसून दाखवत नाही. म्हणून आज हाच पेपर घेऊ. मांजरं हा माझा विषय नाही, आणि ते एका अर्थी बरंच आहे. परक्या विषयातला पेपर वाचताना आपण प्रत्येक शब्दापाशी थांबतो.

पेपर काय सांगतो

कॉलीन विल्सन आणि सहकाऱ्यांचा हा पेपर २०१६ साली 'जर्नल ऑफ फेलाइन मेडिसिन अँड सर्जरी'मध्ये आला. इंटरनेटवर एक प्रश्नावली ठेवली होती. मांजर पाळणाऱ्या कोणीही ती भरावी. ३९ देशांतून ४३३१ उत्तरं आली. निष्कर्ष थोडक्यात असे: दोर गुंडाळलेला खांब घरात असेल, तर मांजरं तो सर्वांत जास्त वापरतात. १० ते १४ वर्षांच्या वयस्कर मांजरांचा कल मात्र कार्पेटकडे दिसतो. मांजराने योग्य जागी ओरबाडल्यावर मालकाने बक्षीस दिलं, की त्या जागेचा वापर वाढतो. आणि आपल्या कामाचं वाक्य: साधा उभा खांब, किंवा दोन अथवा अधिक मजल्यांचं, किमान ३ फूट उंचीचं कॅट ट्री घरात असेल, तर नको तिथे ओरबाडणं कमी.

एवढं एक वाक्य उचललं की विक्रेत्याची जाहिरात तयार. आपण मात्र इथून सुरुवात करू.

आधी मांजराची बाजू

आकडे वाचण्याआधी यंत्रणा समजून घ्या, ही सवय लावून घ्या. मांजर ओरबाडतं तेव्हा नखाचं जुनं बाहेरचं आवरण सुटून येतं. पंजे रोवून अंग मागे ओढलं की खांदे आणि पाठ ताणली जाते. शिवाय पंज्याच्या बोटांमधल्या ग्रंथींचा वास त्या जागी लागतो. फाटलेलं कापड ही दिसणारी खूण आणि वास ही न दिसणारी. खूण करायची असल्यामुळे मांजर आडबाजूचा कोपरा निवडत नाही. येण्याजाण्याच्या वाटेवरची, सगळ्यांना दिसणारी वस्तू निवडतं. हॉलच्या मधोमध ठेवलेला सोफा त्याच्या दृष्टीने उत्तम जागा.

म्हणजे ओरबाडणं बंद करणं हा पर्याय शिल्लकच नाही. ते कुठे व्हावं एवढंच आपल्या हातात. अमेरिकेत यावर मांजराची नखं कायमची काढून टाकण्याची शस्त्रक्रिया होत आली आहे. तिच्यात नखासोबत बोटाचं शेवटचं हाडही कापलं जातं. २०१९ मध्ये न्यूयॉर्क राज्याने तिच्यावर बंदी घातली, आणि अशी बंदी घालणारं ते तिथलं पहिलं राज्य ठरलं. सोफ्यापायी मांजराला बोटाचं हाड किंवा घर गमवावं लागू शकतं, म्हणून हा पेपर महत्त्वाचा. आणि म्हणूनच तो ढिला वाचून चालणार नाही.

४३३१ हा आकडा

पहिला मोह आकड्याचा. चार हजारांवर उत्तरं म्हणजे पक्कं काम, असं वाटतं. नमुना मोठा असला की योगायोगाने होणारी चूक कमी होते, हे खरं. पण नमुना एका बाजूला झुकलेला असेल, तर संख्या वाढवून तो झुकाव जात नाही. १९३६ च्या अमेरिकी अध्यक्षीय निवडणुकीआधी 'लिटररी डायजेस्ट' या साप्ताहिकाकडे २० लाखांहून जास्त मतपत्रिका परत आल्या होत्या. त्यांनी लँडन जिंकणार असं छापलं. रूझवेल्ट ४८ पैकी ४६ राज्यं जिंकले.

इथे प्रश्नावली कोणी भरली असेल? ज्याच्याकडे इंटरनेट आहे, मांजराबद्दलची प्रश्नावली ज्याच्या नजरेस पडली, आणि जो ती शेवटपर्यंत भरायला बसला. म्हणजे मांजरावर विशेष जीव असलेला, किंवा मांजरामुळे विशेष वैतागलेला. 'आहे एक मांजर, दूध पिऊन जातं' असं म्हणणारा माणूस या नमुन्यात येणं अवघड. तेव्हा 'जगभरातली मांजरं असं करतात' असं या पेपरच्या आधारावर म्हणू नका. 'उत्तर देणाऱ्या मालकांनी असं सांगितलं' एवढंच म्हणा.

'मालकांनी सांगितलं' हेही महत्त्वाचं. मोजमापाचं साधन इथे माणसाची आठवण आहे. मालक दिवसभर बाहेर असेल, तर त्याला ओरबाडणं दिसत नाही, ओरबाडलेलं दिसतं. सोफ्यावरची जखम लगेच डोळ्यांत भरते. दोराचा खांब थोडा पिंजारला तरी कोण मोजतं? एकाच वर्तनाची नोंद दोन जागी दोन वेगळ्या काट्यांनी होते आहे.

'कमी झालं' म्हणजे कधीपासून?

आता माझ्या मते सर्वांत महत्त्वाचा मुद्दा. पेपरच्या सारांशात, असा खांब किंवा ट्री असताना नको तिथे ओरबाडणं 'कमी झालं' अशा अर्थाचं क्रियापद आहे. कमी झालं म्हणायला दोन वेळच्या नोंदी लागतात: आधीची आणि नंतरची. ही प्रश्नावली एकदाच भरलेली आहे. तिच्यातून फार तर असं दिसतं की ज्या घरांत ट्री आहे तिथे नुकसान कमी सांगितलं गेलं, आणि ज्या घरांत नाही तिथे जास्त. ही दोन वेगवेगळ्या घरांची तुलना आहे. एकाच घरातला बदल तिच्यात मोजलेलाच नाही.

आणि ती घरं आणखी कशाकशात वेगळी असतील, याची यादी तुम्हीच करून बघा. ट्री घेणाऱ्याकडे बहुधा जागा जास्त, पैसे जास्त. तो मांजराशी खेळत असेल, नखं कापत असेल. सोफा वाचला तो ट्रीमुळे की या लाडामुळे? हे झालं नेहमीचं कन्फाउंडिंग.

पण थांबा, उलटंही घडू शकतं. अनेक जण सोफा फाटल्यावरच ट्री आणतात. मग 'ट्री आहे' या गटात मुळातच जास्त ओरबाडणारी मांजरं जमा होतील, आणि ट्री आहे त्यापेक्षा कमी उपयोगी दिसेल. म्हणजे खरा परिणाम पेपरमध्ये दिसतो त्याहून कमी असू शकतो, तसा जास्तही असू शकतो. विद्यार्थी 'सहसंबंध म्हणजे कार्यकारणभाव नव्हे' हे वाक्य म्हणून मोकळे होतात. मुलाखतीत पुढचा प्रश्न असतो, 'मग चूक कोणत्या दिशेला असेल?' त्याचं उत्तर तयार ठेवा.

'किंवा' या शब्दाची किंमत

आता खरेदीचा प्रश्न. ते वाक्य पुन्हा वाचा: साधा उभा खांब *किंवा* कॅट ट्री. या 'किंवा'मध्ये आमचे साडेपाच हजार अडकले होते. सोफा वाचवण्याच्या बाबतीत दोन्ही एकाच वाक्यात, एकाच बाजूला बसलेत. साध्या खांबापेक्षा तीन मजली ट्री सरस आहे, असं हे वाक्य म्हणत नाही.

मग ट्रीचे वरचे मजले कशाला? चढायला, उंचावरून घर बघायला, झोपायला. या गोष्टी मांजराला हव्याच असतात आणि त्यासाठी ट्री घेतलं तर छानच. पण तो वेगळा फायदा, वेगळा प्रश्न. एका फायद्याचा पुरावा दाखवून दुसऱ्यासाठी पैसे काढायला लावणं जाहिरातींतच होतं असं नाही, प्रकल्प-प्रस्तावांतही होतं. तुमच्या प्रस्तावात तपासून बघा.

शेजारचे दोन पेपर

एकच पेपर वाचून निकाल देऊ नये, म्हणून आणखी दोन. २०१९ मध्ये त्याच नियतकालिकात झँग, प्लमर आणि मॅकग्लोन यांनी मांजराच्या पिल्लांसमोर वेगवेगळे स्क्रॅचर ठेवले आणि ती कोणता किती वापरतात ते मोजलं. इथे आठवणीचा प्रश्न मिटला. पिल्लांनी इंग्रजी 'एस'च्या आकाराचं पुठ्ठ्याचं स्क्रॅचर पसंत केलं. मग दोर खरा की पुठ्ठा? भांडण लावू नका. वय वेगळं, समोर ठेवलेले पर्याय वेगळे. आणि या स्क्रॅचरांमधून निवड करताना पिल्लापुढे तुमचा सोफा नव्हता. 'या खांबांपैकी कोणता आवडतो' आणि 'खांब आणला तर सोफा सुटेल का' हे दोन प्रश्न आहेत. हा प्रयोग पहिल्याचं उत्तर देतो.

२०२४ मध्ये फ्रान्समधल्या १२११ मांजर-मालकांचं एक सर्वेक्षण 'फ्रंटियर्स इन व्हेटरनरी सायन्स'मध्ये आलं. त्यात नको तिथे ओरबाडण्याचा संबंध घरातली लहान मुलं, मांजराची रात्रीची धावपळ आणि मांजरावरचा ताण यांच्याशी दिसला. हेही सर्वेक्षणच, तेव्हा वरच्या सगळ्या शंका इथेही लागू. पण उपयोग असा की डोकं खांबावरून हटतं. प्रश्न कदाचित लाकूड आणि दोराचा नसून घराच्या गडबडीचा असेल.

मग घ्यायचं का?

पुरावा कच्चा आहे म्हणून काहीच करायचं नाही, हा निष्कर्ष चूक. किती पक्का पुरावा हवा, हे उपाय किती महाग आहे आणि चुकला तर काय जातं, यावर ठरतं. खांब स्वस्त, निरुपद्रवी आणि यंत्रणेला धरून आहे. त्याला हा पुरावा पुरतो. फक्त सोफ्यासाठी साडेपाच हजारांचं ट्री घ्यायला पुरत नाही. मांजर घराबाहेर काढायला तर मुळीच नाही, कारण तो निर्णय परत फिरवता येत नाही.

आम्ही सुताराकडून जाड फळीवर साडेतीन फुटांचा खांब ठोकून घेतला आणि वर सिसलचा दोर गच्च गुंडाळला. सिसल म्हणजे आपल्या घायपाताच्याच कुळातला धागा. खांब हलला तर मांजर परत त्याच्याकडे फिरकत नाही, म्हणून बूड जड ठेवलं. सगळं मिळून आठशेच्या आत. खांब खिडकीत छान दिसला असता, पण ठेवला सोफ्याच्या उजव्या हाताला अगदी चिकटून, बोक्याच्या वाटेवर. तिथे पंजा लावला की खाऊ.

इथे माझ्यातल्या संशोधकाचं आणि भाडेकरूचं भांडण झालं. संशोधक म्हणाला, आधी आठवडाभर रोज रात्री सोफ्याचा फोटो काढ, नवे निघालेले धागे मोज, मग फक्त खांब ठेव, दुसरं काही बदलू नकोस. भाडेकरू म्हणाला, तोवर स्पंज उरणार नाही. आजच सोफ्याच्या हातावर जाड चादर टाक. मी चादर टाकली. नवे धागे निघणं जवळजवळ थांबलं. पण चादर, खांब, खाऊ हे सगळं एकाच दिवशी सुरू झालेलं. शिवाय आपण उपाय करतो तो नेहमी नुकसान कळसाला पोचल्यावर. त्यानंतर काहीच केलं नाही तरी ते थोडं उतरण्याचीच शक्यता जास्त. सरासरीकडे परत येणं म्हणतात ते हेच.

म्हणून फ्लॅटमेट्सना मी खरं तेच सांगितलं: सोफा वाचलाय, कशामुळे ते मला सांगता येणार नाही. एक जण म्हणाला, "एवढं वाचून हे उत्तर?" हो, हेच. काय करायचं ते ठरवता आलं, आणि काय माहीत नाही तेही नेमकं सांगता आलं. पुढचा पेपर हातात घ्याल तेव्हा तीन गोष्टींवर बोट ठेवा: उत्तर कोणी दिलं, क्रियापद कोणतं वापरलं, आणि 'किंवा' कुठे आहे.

चादर मी पुढच्या महिन्यात काढून बघणार आहे. धागे मोजायची वही तयार आहे. बोका सध्या तिच्यावरच झोपलाय.