उसन्या विश्वासाचा धंदा



पुस्तकांविषयी आपल्या मासिकात लिहितात ती मंडळी बहुधा शिक्षकी पेशातली असतात. मी आयुष्यभर इस्पितळात नर्स होते, तेव्हा हे परीक्षण एका नर्सचे आहे हे आधीच सांगून ठेवते. माझ्या धाकट्या बहिणीची मुलगी जनसंपर्काच्या एका कचेरीत नोकरी करते. "मावशी, आमच्या धंद्याचा हा मूळपुरुष. तू वाचच," असे म्हणून तिने दोन इंग्रजी पुस्तके माझ्यापुढे ठेवली. दोन्ही एडवर्ड बर्नेज यांची. १९२८ सालचे ‘प्रोपगंडा’ लहानसे आहे, आणि १९६५ सालचे ‘बायोग्राफी ऑफ ॲन आयडिया’ हे आत्मचरित्र आठशेहून अधिक पानांचे. मी १९७४ साली मॅट्रिक होऊन इथे आले. शाळेत शिकलेले इंग्रजी एवढ्या वर्षांनी असे उपयोगी पडेल असे वाटले नव्हते.

बर्नेज १८९१ साली व्हिएन्नात एका यहुदी घरात जन्मले, तान्हेपणीच न्यूयॉर्कला आले, आणि १०३ वर्षे जगून १९९५ साली वारले. मनोविश्लेषणाचे जनक सिग्मंड फ्रॉइड हे त्यांचे सख्खे मामा, आणि मामी ही सख्खी आत्या. आपल्याकडे याला साटेलोटे म्हणतात व विषय संपतो. इंग्रजीत तेच नाते समजावून सांगायला तीन ओळी लागतात!

आत्मचरित्र वाचनीय आहे, पण आत्मस्तुती फार. पानोपानी मोठ्या लोकांची नावे येतात आणि बर्नेजसाहेबांची युक्ती बहुधा फळाला येते. एकाच प्रकारची दहावी हकिकत आली की वाचणाऱ्याला जांभई येते. तरी पुस्तक खाली ठेववले नाही, कारण ही युक्ती कशी चालते ते हा माणूस अगदी उघडपणे सांगतो. माल विकायचा तर मालाची स्तुती करू नका. ज्यांच्यावर लोकांचा विश्वास आहे अशा माणसांच्या तोंडून हवे ते वदवा, आणि आपण पडद्यामागे राहा. त्यांच्या बहुतेक हकिकतींचे सार एवढेच आहे.

बेकनचे उदाहरण घ्या. बेकन म्हणजे डुकराचे खारवलेले मांस, आपल्या घरात न येणारी वस्तू. ते तयार करणाऱ्या एका कंपनीला खप वाढवायचा होता. बर्नेज यांनी आधी विचार केला की खाण्यापिण्याच्या बाबतीत लोक ऐकतात कोणाचे? डॉक्टरांचे. मग एका डॉक्टरकडून इतर डॉक्टरांना पत्रे पाठवून विचारले की सकाळची न्याहारी हलकी असावी की भरपेट. सुमारे साडेचार हजार डॉक्टरांनी भरपेट न्याहारीच्या बाजूने कौल दिला, असे बर्नेज सांगत. वर्तमानपत्रांत तो कौल छापून आला, आणि शेजारी बेकन व अंडी. डॉक्टर खोटे बोलले नाहीत. त्यांना बेकनविषयी कोणी विचारलेच नव्हते!

याच युक्तीने त्यांनी चांगले कामही केले आहे. १९१३ साली ते एका वैद्यकीय मासिकाचे संपादक असताना उपदंशाच्या रोगावर एक फ्रेंच नाटक न्यूयॉर्कला यावयाचे होते. त्या रोगाचे नाव सभ्य घरात काढत नसत. बर्नेज यांनी रॉकफेलरसारख्या प्रतिष्ठित लोकांची समिती उभी केली, आणि नाटक रंगभूमीवर आले. ज्या रोगाची लाज वाटते तो लपतो व वाढतो, हे वॉर्डात काम केलेल्या कोणालाही सांगायला नको. तिथेही नावे दुसऱ्यांचीच वापरली होती, पण कशासाठी ते नावे देणाऱ्यांना ठाऊक होते.

३१ मार्च १९२९ रोजी जे झाले ते निराळे. अमेरिकन टोबॅको कंपनीला बायकांनी रस्त्यात सिगारेट ओढायला हवी होती. बर्नेज यांनी ए. ए. ब्रिल या मनोविश्लेषकाचा सल्ला घेतला. बायकांना सिगारेट ही स्वातंत्र्याची मशाल वाटते, असे त्यांचे म्हणणे पडले. ईस्टरच्या दिवशी न्यूयॉर्कच्या फिफ्थ ॲव्हेन्यूवर मूठभर तरुण मुली सिगारेटी पेटवून चालल्या. स्त्रीहक्कांसाठी झगडणाऱ्या रूथ हेल या बाईंच्या नावाने आवाहन निघाले होते. चालणाऱ्यांत बर्नेज यांची सेक्रेटरीही होती, पण बातमीदारांना तिने ते कळू दिले नाही. दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रांत स्वातंत्र्याची बातमी आली. पैसे कोणाचे, ते आले नाही. मताच्या हक्कासाठी बायकांनी पिढ्यान् पिढ्या झगडून जे पुण्य जोडले होते, ते एका सकाळी सिगारेटच्या पाकिटासाठी उसने घेतले गेले.

न्याय म्हणून हेही लिहिते की माझी आजी अलिबागकडची, रोज मशेरी लावायची. तिला कोणी जनसंपर्कवाला भेटला नव्हता. व्यसनाला बर्नेजच लागतो असे नाही. पण आमच्या वॉर्डात एक बाई होती. ऑक्सिजनची नळी बाजूला सारून जिन्यात जाई व सिगारेट ओढून येई. मी रागावले की म्हणे, "अहोत, एवढी एकच गोष्ट माझ्या मर्जीची आहे." तेव्हा मला ते नुसते हट्टाचे बोलणे वाटले होते. हे पुस्तक वाचताना मी तिथे थांबले.

आत्मचरित्रात बर्नेज म्हणतात की आज जे कळते ते १९२८ साली कळले असते तर मी हे काम नाकारले असते. १९६४ साली अमेरिकेच्या सर्जन जनरलचा धूम्रपानावरचा अहवाल आला, आणि पुढे त्यांनी धूम्रपानाविरुद्ध कामही केले. ही कबुली मी खरी मानायला तयार होते. परंतु लॅरी टाय यांनी १९९८ साली त्यांचे चरित्र लिहिले. बर्नेज यांनीच जपून ठेवलेल्या कागदपत्रांवरून ते दाखवतात की सिगारेटच्या अपायाची कुणकुण त्यांना कितीतरी आधी होती. घरात तर बायकोच्या सिगारेटी ते मोडून फेकत, अशी त्यांच्या मुलीची आठवण त्यात आहे. आणि कबुली जरी खरी धरली, तरी ती तंबाखूपुरतीच आहे. दुसऱ्याचा विश्वास त्याला न सांगता वापरला, याबद्दल मला कुठे खंत आढळली नाही. आमच्या वॉर्डातही औषध कंपन्यांचे लोक नाव छापलेली पेने वाटत. मीही ती खिशाला लावून रोग्यांसमोर उभी राहिले आहे, तेव्हा मी काही निराळी नव्हे.

एका पानाशी मात्र पुस्तक मिटून ठेवावेसे वाटले. १९३३ साली जर्मनीहून आलेल्या कार्ल फॉन विगंड या अमेरिकन वार्ताहराने बर्नेज यांच्या घरी जेवताना सांगितले की गोबेल्सच्या ग्रंथसंग्रहात तुमचे ‘क्रिस्टलायझिंग पब्लिक ओपिनियन’ आहे, आणि यहुद्यांविरुद्धच्या मोहिमेला तो त्याचा आधार घेतो आहे. बर्नेज लिहितात की मला धक्का बसला. पण कोणतीही गोष्ट चांगल्यासाठी तशी वाईटासाठी वापरता येते, हे मला ठाऊक होते. फ्रॉइडच्या ज्या चार बहिणी व्हिएन्नात राहिल्या होत्या, त्या चौघींचा पुढे नाझींच्या छळछावण्यांत अंत झाला. त्या बर्नेज यांच्या सख्ख्या मावश्या. १९३३ साली पुढचे कोणाला दिसत नव्हते हे कबूल, पण हे आत्मचरित्र १९६५ सालचे आहे. सुरी स्वयंपाकालाही चालते व गळ्यालाही, एवढेच म्हणून तेव्हा भागत नव्हते.

भाचीशी यावर बोलले. ती म्हणाली, "मावशी, आम्ही पैसे कोणाचे ते लपवत नाही, कायदाच आहे." असेल. आपल्या इथे २०२० पासून सिगारेटची सगळी पाकिटे एकाच मळकट रंगाची निघतात, तेही कायद्याने. बर्नेज यांनी १९३४ साली लकी स्ट्राइकचे हिरवे पाकीट बायकांना शोभावे म्हणून हिरव्या रंगाचीच फॅशन आणायचा घाट घातला होता. ते प्रकरण मोठे गमतीचे आहे, जरूर वाचावे.

ज्यांना सवड कमी आहे त्यांनी ‘प्रोपगंडा’ वाचावे, एका शब्बाथात संपते. आत्मचरित्राची प्रत भाचीला परत करायची आहे. तिने पाठ करण्याजोग्या ओळींखाली पेन्सिलीने खुणा केल्या आहेत. त्यांतल्या बऱ्याच ओळींपुढे मी प्रश्नचिन्हे घातली आहेत, पण तिच्या खुणा पुसलेल्या नाहीत.