भारतांतील पहिली मशीद कोणती?

केरळांतील कोडुंगल्लूर येथील चेरमान जुमा मशीद ही भारतांतील पहिली मशीद होय, व ती इ. स. ६२९ सालीं बांधली गेली, असें हल्लीं सर्रास सांगण्यांत येतें. २०१६ सालीं भारताच्या पंतप्रधानांनीं सौदी अरेबियाच्या राजांस तिची सोन्याचा मुलामा दिलेली प्रतिकृति नजर केली, तेव्हांपासून तर या समजुतीवर जणूं राजमुद्राच उमटली आहे. साल इतकें नेमकें सांगितलें म्हणजे पुरावा विचारावयाचें बहुतेकांच्या लक्षांतच येत नाहीं.

पुरावा म्हणावा तो एका कथेचा. चेरमान पेरुमाळ नांवाच्या राजानें चंद्र दुभंगलेला पाहिला. तो अरबस्तानांत गेला, पैगंबरांस भेटला, मुसलमान झाला व परतीच्या वाटेवर वारला. पुढें त्याचीं पत्रें घेऊन मालिक इब्न दीनार व त्याचे सोबती मलबारांत आले आणि त्यांनीं ठिकठिकाणीं मशिदी उभारल्या. कथा मोठी रम्य आहे. परंतु तिची पहिली झडती घेणारा कोणी पाश्चात्य पंडित नव्हे, हें ध्यानांत ठेविलें पाहिजे. सोळाव्या शतकांत पोर्तुगीजांच्या जुलमाविरुद्ध आपल्या समाजास उठविण्यासाठीं 'तुहफत-उल-मुजाहिदीन' हा अरबी ग्रंथ लिहिणारा शेख जैनुद्दीन मखदूम हा मलबारचाच धर्मशास्त्री. त्यानें ही कथा दिली. परंतु ती पैगंबरांच्या हयातींतील आहे हा लोकसमज त्यास पटला नाहीं. हिजरी शकाचीं दोनशें वर्षें लोटल्यावर हा प्रकार घडला असावा, असा त्याचा अभिप्राय आहे. ही कथा खरी ठरावी असें ज्याला सर्वांहून अधिक वाटावयाचें, त्यानेंच ती कसास लाविली. आजच्या उत्साही लेखकांनीं या शेखाकडून धडा घ्यावयास हरकत नव्हती.

तथापि दंतकथा टाकली म्हणजे इतिहासही संपला, असें मानणारांचा दुसरा एक वर्ग आहे. त्यांची भारतांतील मशीद दिल्लीस, ११९२ नंतर, घोरी सैन्याच्या पाठोपाठ अवतरते. आणि आपल्या शालेय पुस्तकांनीं हाच ग्रह घरोघर पोंचविला आहे. तो चुकीचा आहे. कोल्लम येथील ८४९ सालचा तरिसापळ्ळी ताम्रपट ख्रिस्ती देवळास दिलेल्या देणगीचा. पण त्यावर साक्षीदारांच्या ज्या सह्या आहेत, त्यांत कांहीं कूफी वळणाच्या अरबी लिपींत आहेत. म्हणजे नवव्या शतकांत अरबी व्यापारी तेथें नुसते ये-जा करीत नव्हते, तर साक्षीस उभे राहण्याइतकी त्यांची पत होती. सिंधमधील भंभोर येथील मशिदींत हिजरी १०९ चा, म्हणजे इ. स. ७२७-२८ चा, शिलालेख सांपडला आहे. मात्र ती सिंधच्या स्वारीनंतरची, आणि आज पाकिस्तानांत. 'भारतांतील पहिली' हें बिरुद कोणाच्या सीमारेषेनें ठरवावयाचें, हा प्रश्नच येथें थोडा हास्यास्पद होतो.

आपल्या कोंकणचा पुरावा तर महाराष्ट्रीय वाचकांनाच फारसा ठाऊक नाहीं. मसऊदी हा अरब प्रवासी हिजरी ३०४ मध्यें सैमूर म्हणजे चौल येथें आला होता. तेथें सुमारें दहा हजार मुसलमान राहात असून त्यांचे तंटे तोडण्यास राजानें त्यांच्यांतलाच एक प्रमुख नेमिला होता, असें तो लिहितो. बल्हराच्या, म्हणजे आपल्या राष्ट्रकूटांच्या, राज्यांत मशिदी असल्याचेंही तो नमूद करतो. चिंचणी येथें सांपडलेल्या शके ८४८ च्या ताम्रपटांत तर संजाण प्रांताचा राष्ट्रकूट अधिकारी मधुमति, म्हणजे मुहंमद, या नांवाचा ताजिक असून तो देवीच्या मठिकेस गांव देतो!

परंतु लेखांतली मशीद निराळी आणि डोळ्यांपुढें उभी असलेली निराळी. या दुसऱ्या कसोटीस उतरणारें स्थळ कच्छमधील भद्रेश्वर होय. तेथील इब्राहीमच्या दर्ग्यावर हिजरी ५५४ (इ. स. ११५९-६०) हें साल कोरलेलें आहे, आणि जवळच्या मशिदीही त्याच सुमाराच्या मानल्या जातात. मेहरदाद शोकूही यांनीं १९८८ सालीं या वास्तूंवर स्वतंत्र ग्रंथ लिहिला. खांब, तुळया आणि सपाट शिळांचें छत, अशी ही इकडच्या शिल्पींच्या हातची बांधणी आहे. स्वारी करून आलेल्या सुलतानाची तेथें गरज पडली नाहीं. दिल्लीच्या मशिदीचा शिलालेख मात्र सत्तावीस देवळांच्या सामग्रीचा उल्लेख करतो. तोही तितकाच खरा आहे, आणि भद्रेश्वरच्या जोरावर तो झांकतां येणार नाहीं.

सोमनाथचें उदाहरण याहून बोधक आहे. १२६४ सालीं होर्मुझच्या नूरुद्दीन फिरोज या नाखव्यानें तेथें जमीन घेऊन मशीद बांधली. संस्कृत लेखांत तिला 'मिजिगिति' म्हटलें आहे. परमेश्वरास विश्वनाथ, शून्यरूप हीं विशेषणें लाविलीं आहेत. आणि काळ हिजरी, विक्रम, वलभी व सिंह अशा चार शकांत दिला आहे. अरबी लेखाचा सूर अगदीं वेगळा. सोमनाथ हें इस्लामचें नगर व्हावें, अशी त्यांत प्रार्थना आहे. दाता एकच, मशीद एकच. आपल्याकडे एक पक्ष पहिला लेख उद्धृत करतो व दुसरा पक्ष दुसरा. दोन्ही शेजारीं ठेवून वाचणारे थोडे. संस्कृत शिळा वेरावळास हर्षद मातेच्या देवळांत सांपडली.