दर्जा कुणाच्या बापाचा?

मागच्या महिन्यात आपल्या कविवाचनानंतर वाद झाला. पाहुणे आलेले एक प्राध्यापक म्हणाले, 'अनुभव दाहक आहे, पण कलेचे निकष वस्तुनिष्ठ असतात. तिथं तुमची कविता कमी पडते.' मागून आपला एक कार्यकर्ता उठला. 'दर्जाबिर्जा सगळं थोतांड. ज्याला जे भिडलं ते त्याच्यापुरतं चांगलं!' टाळ्या पडल्या. मीही वाजवल्या. घरी जाताना मात्र ती टाळी सलायला लागली.

कारण ती आपल्यालाच महाग पडते. दर्जा ज्याच्या त्याच्या आवडीवर असेल, तर आपली कविता प्राध्यापकांना आवडली नाही ही त्यांची आवड. मग तक्रार कसली? अण्णाभाऊ साठ्यांची 'फकिरा' १९५९ साली आली. प्रस्थापित समीक्षेनं अण्णाभाऊंना लांब ठेवलं, हा अन्याय होता असं आपण म्हणतो. त्या लेखनात खरोखर काहीतरी होतं आणि ते यांनी पाहिलं नाही, हे धरूनच म्हणतो ना? कुणाला कारलं आवडत नाही म्हणून आपण मोर्चा काढत नाही.

आता प्राध्यापकांचं 'वस्तुनिष्ठ'. मर्ढेकरांनी 'सौंदर्य आणि साहित्य' (१९५५) मध्ये लयीचे नियम सांगितले: संवाद, विरोध, समतोल. माणूस मोठा, त्याला टाळून पुढं जाता येत नाही. पण हे नियम लावणारा कान कुणाचा? १९७२ साली नामदेव ढसाळांचा 'गोलपिठा' आला. प्रस्तावना विजय तेंडुलकरांची. अडलेल्या शब्दांचे अर्थ त्यांनी कवीला विचारले आणि ते लपवलं नाही. म्हणून मला ती प्रस्तावना आवडते. बाकी कित्येकांनी स्वतःला न कळणं हाच कवितेचा दोष ठरवला. अहो, शब्द तिथं छापलेले होते. शिवी आणि करुणा एकमेकांवर आदळत होत्या. मर्ढेकरांचा 'विरोध' आणखी वेगळा काय असतो? गुण कवितेतच होता, कान तयार नव्हता.

हलगीचं बघा. दमट हवेत कातडं सैल पडतं, आवाज बद्द येतो. जाळावर शेकली की कडक बोलते. वाजवणाऱ्याच्या पोरालाही हे डोळे मिटून कळतं. वाड्यातल्या माणसाला दोन्ही वेळा नुसता गोंगाट. म्हणून फरकच नाही का? फरक कातड्यात आहे. (गावकीची हलगी आपल्यातल्या कित्येकांनी टाकली, बरंच केलं. कान टाकायचं कारण नव्हतं.)

आणि कान असेल तर तो आपल्या घरातही लावावा लागतो. इथं माझी पंचाईत होते. स्टेन्सिल कापायला बसलो की सूर्य, ज्वालामुखी, हजारो वर्षांचा अंधार. राग खरा असतो, शब्द उसने. बाबुराव बागुलांची 'जेव्हा मी जात चोरली होती' (१९६३) वाचा. खोलीसाठी जात लपवणाऱ्या माणसाची भीती तिथं ओरडून सांगितलेली नाही. समोरच्यानं साधी विचारपूस केली तरी आपल्या पोटात गोळा येतो. ते 'आपलं' म्हणून चांगलं नाही. तसं बांधलंय म्हणून चांगलं आहे. वाड्यातल्यानं वाचलं तरी तेवढंच चांगलं, आणि नाही वाचलं तरीही.

परवा एका मित्राची कविता मी परत केली. तो चिडला, 'तूपण त्यांच्यातलाच झालास.' रात्रभर झोप नाही. सकाळी कविता पुन्हा वाचली. पहिल्या नऊ ओळींत सहा वेळा सूर्य. दहाव्या ओळीत त्याची आई मुकादमाच्या वहीवर अंगठा उठवते आणि शाई लुगड्याला पुसते. तेवढी एक ओळ पोस्टकार्डावर उतरवून त्याला धाडली. खाली लिहिलं, 'इथून सुरू कर.'

उत्तर अजून आलेलं नाही.