कादंबरीचे घटक आणि सांगणाऱ्याची जागा

एम.ए. मराठीच्या वर्गात कादंबरी शिकवायची म्हणजे काय करायचं, हे बहुतेक ठिकाणी ठरून गेलेलं आहे. आधी लेखकाचा परिचय, मग कथानक, मग प्रमुख आणि गौण व्यक्तिरेखा, पुढे वातावरण, संवाद, आणि जे कुठेच बसत नाही ते सगळं ‘भाषाशैली’त. पीएच.डी.चे कितीतरी प्रबंध याच क्रमाने चालतात. कादंबरीकाराचं नाव तेवढं बदलायचं, प्रकरणांची शीर्षकं तीच ठेवली तरी चालतात. ‘रणांगण’ असो की ‘कोसला’, कप्पे ठरलेले.

यावर वैतागून घटकांची पद्धतच कालबाह्य झाली, असं म्हणणारेही बरेच आहेत. मला ते पटत नाही. कथानक, पात्रं, स्थळ, काळ, निवेदन यांना हात न लावता कादंबरीबद्दल काहीही नेमकं बोलता येत नाही. बोललं तर ते समाजशास्त्राचं टिपण होतं किंवा गौरवाचं भाषण. गडबड होते ती हे घटक एकमेकांपासून सुटे करून वाचण्यात. त्यातही निवेदनाला, म्हणजे कोण सांगतोय, कुठे उभा राहून, केव्हा, या प्रश्नाला, आपण ‘प्रथमपुरुषी निवेदनपद्धती वापरली आहे’ एवढ्या एका वाक्यात वाटेला लावतो.

याची मुळं जुनी आहेत. ई. एम. फॉर्स्टरचं कादंबरीवरचं व्याख्यानांचं पुस्तक 1927चं, आणि ना. सी. फडक्यांचं ‘प्रतिभासाधन’ 1931चं. फडक्यांना लिहिणाऱ्याला शिकवायचं होतं. गुंतागुंत कशी वाढवावी, उत्कंठा कुठे ताणावी, उकल कशी करावी. लेखकासाठीचे हे तंत्राचे धडे पुढे वाचकाच्या हातात मापं म्हणून आले. त्यामुळे ‘कथानक बांधेसूद आहे का’, ‘पात्रं जिवंत वाटतात का’ असे प्रश्न विचारले जाऊ लागले आणि उत्तरादाखल गुण दिले जाऊ लागले. नंतर नेमाड्यांनी ‘टीकास्वयंवर’मधल्या लेखनात तंत्राचं हे स्तोम मोडून काढलं आणि ‘यमुनापर्यटन’, ‘मुक्तामाला’, ‘मोचनगड’ या आरंभीच्या कादंबऱ्यांपासून तीन प्रवृत्ती दाखवल्या. ते आवश्यकच होतं. पण परिणाम मजेशीर झाला. वर्गात फडक्यांचे घटक राहिले, चर्चासत्रांत नेमाड्यांची वास्तवाची जाणीव आली, आणि दोघांची गाठ कुठेच पडेना. सकाळी ‘संवाद चटपटीत आहेत’ आणि दुपारी ‘लेखकाची जीवनदृष्टी प्रगल्भ आहे’. संवादांतून ती दृष्टी दिसते कशी, हे सांगायला कुणी थांबत नाही. कुसुमावती देशपांडे किंवा ‘धार आणि काठ’ लिहिणारे कुरुंदकर थांबत. हरिश्चंद्र थोरातांनी तर कादंबरीच्या रूपाचा विचार आयुष्यभर नेटाने केला. पण त्यांची पुस्तकं संदर्भग्रंथांच्या यादीत दिसतात तितकी प्रबंधांच्या पानांत दिसत नाहीत.

निवेदकाची जागा पाहिली की बाकीचे घटक कसे हलू लागतात, यासाठी माडगूळकरांची ‘बनगरवाडी’ (1955) घेऊ. ‘नायक कोण?’ हा तिच्यावरचा लाडका परीक्षेचा प्रश्न. उत्तर ठरलेलं: वाडी हीच नायक. उत्तर चूक नाही, पण वाडी नायक झाली कशी? औंध संस्थानातल्या धनगरांच्या वाडीवर शाळा चालवायला एक तरुण मास्तर येतो आणि तोच गोष्ट सांगतो. शाळेत पोरं नाहीत, म्हणून त्याला घरोघर फिरावं लागतं. या एका कामामुळे त्याला सगळी दारं उघडी होतात. कारभारी त्याच्याशी सल्लामसलत करतो, आयबू सावलीसारखा मागे राहतो, आनंदा रामोशी येतो-जातो. पण मास्तर परगावचा आहे, आणि परका माणूस मधे आला की साध्या गोष्टीही वाकड्या दिसतात. वाडीतल्या अंजीच्या चोळीच्या निमित्ताने कारभाऱ्याच्या मनात जे येतं, ते या परकेपणामुळेच. ही ‘गौण उपकथा’ म्हणून बाजूला काढली की निवेदक पूर्ण आत नाही, हे दाखवणारी जागाच हातची जाते. शेकूची बायको एका बैलाशेजारी स्वतःला औताला जुंपून घेते. या प्रसंगावर मास्तर व्याख्यान देत नाही. माडगूळकरांची मिताक्षरी शैली म्हणून आपण ज्याचं कौतुक करतो, ती इथे पाहुण्याची अदब आहे. ज्याच्या घरचं दुःख त्याच्यावर आपण काय बोलणार! शेवटी दुष्काळ पडतो, माणसं मेंढरं घेऊन पांगतात, शाळा ओस पडते. मास्तरचं येणं आणि जाणं एवढंच ‘कथानक’. त्या दोन टोकांमधे एक वस्ती नाहीशी होते आणि ती पाहायला नेमका तो एकटा असतो. म्हणून वाडी नायक.

‘रणांगण’ (1939) मधे हेच उलट्या बाजूने दिसतं. युरोप सोडून पूर्वेकडे निघालेली बोट, थोडे दिवस, चक्रधर आणि ज्यू निर्वासित हॅर्टा. ‘स्थळ: बोट’ असं लिहून पुढे जाणारे अभ्यासक बेडेकरांची अर्धी कादंबरी समुद्रात टाकतात. बोटीवर कुणाचंच घर नसतं. मुंबईला उतरायची मुभा चक्रधरला आहे, हॅर्टाला नाही. प्रेमकथेतला पेच माणसांच्या स्वभावातून निघण्याआधी उतरायच्या बंदरातून निघतो. त्यात सांगणारा चक्रधर आहे, बायकांविषयी कडवट झालेला. त्याच्या सुरावर किती विश्वास ठेवायचा हे वाचकाने तपासत राहायचं. मग हॅर्टाची पत्रं येतात, आणि इतका वेळ त्याच्या नजरेतून दिसलेली ती स्वतःच्या आवाजात बोलते. पात्रचित्रणाच्या प्रकरणात हॅर्टाचे गुणविशेष मोजण्यापेक्षा आवाजाचा हा पालट पाहिला तर ती जास्त कळेल.

प्रथमपुरुषी म्हटलं की सगळं एकाच जातीचं, हा समज हरिभाऊ आपट्यांपासूनच खोटा आहे. 1890 साली ‘करमणूक’मधे सुरू झालेल्या ‘पण लक्षात कोण घेतो’त यमू दोन आहेत. एक सोसणारी पोर, दुसरी मागे वळून सांगणारी बाई. ‘कोसला’त (1963) सांगवीकर स्वतःलाच थट्टेवारी नेत सांगतो, डायरीतल्या नोंदी टाकतो, आणि धाकट्या बहिणीच्या, मनीच्या, मृत्यूपाशी मात्र त्याची थट्टा पुरी पडत नाही. तिथे सूर तुटतो. ‘भाषाशैली तिरकस आहे’ हा शेरा त्या पानांवर लागू करून पाहा, म्हणजे शेरा किती तोकडा आहे ते दिसेल.

घटकांची ही पद्धत कुठे अडखळते तेही पाहिलं पाहिजे. श्याम मनोहरांच्या ‘कळ’मधे सलग गोष्ट शोधणाऱ्याच्या हाती फार काही लागत नाही. तिथे ‘कथानक विस्कळीत’ असा ठपका ठेवणं म्हणजे वजनकाट्यावर लांबी मोजणं. पण गोष्ट नाकारून पानं पुढे कशाच्या जोरावर सरकतात, हा प्रश्नही कथानकाचाच आहे. मनोहरांकडे ती विचाराच्या आणि कुतूहलाच्या जोरावर सरकतात. घटक तिथे गैरहजर राहून काम करतो.

अलीकडचं सांगायचं तर कृष्णात खोतांच्या ‘रिंगाण’ला 2023 सालचा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाल्यावर जे बोललं-लिहिलं गेलं, त्यात धरण आणि विस्थापन यांवर भर होता. विषय मोठा आहे, भर पडणारच. पण त्या कादंबरीत मागे सुटलेली म्हैस परत आणायला माणूस जातो आणि त्या दोघांची झुंज लागते. आता या म्हशीला कोणत्या कप्प्यात टाकायचं? तिला संवाद नाहीत, स्वभावचित्र लिहायला लेखकाने सोय ठेवलेली नाही, प्रतीक म्हणून मोकळं व्हावं तर ती पानोपानी अंगाने, ताकदीने, रागाने तिथे आहे. माणूस गाव सोडून गेला, ती राहिली. म्हणजे आता त्या ठिकाणाची तीच रहिवासी आणि तो आगंतुक. पात्र आणि स्थळ इथे वेगळी काढताच येत नाहीत. पुढच्या प्रबंधकाराने निदान तिच्यासाठी तरी अनुक्रमणिका मोडावी.