दिवे मोजले, वीज मोजली का?

ऊर्जेची बचत आणि अपारंपरिक ऊर्जा यांना सरकारने साहाय्य करावे, याबद्दल आता फारसा मतभेद उरलेला नाही. मात्र त्या साहाय्याचे फळ कशाने मोजायचे, या प्रश्नाकडे पुरेसे लक्ष दिले जात नाही. ५ जानेवारी २०१५ रोजी सुरू झालेली एलईडी दिव्यांची ‘उजाला’ योजना या दृष्टीने तपासून पाहण्यासारखी आहे.

आधी योजनेचे श्रेय तिला देऊ. या योजनेत दिव्याच्या किमतीवर अनुदान नव्हते. एनर्जी एफिशिएन्सी सर्व्हिसेस लिमिटेड या सार्वजनिक कंपनीने देशभरची मागणी एकत्र केली आणि निविदा मागवून एकदम कोट्यवधी दिवे खरेदी केले. २०१४ च्या आरंभी एका दिव्याचा खरेदीदर सुमारे ३१० रुपये होता. २०१६ मध्ये तो सुमारे ३८ रुपयांवर आला. मोठ्या मागणीची खात्री मिळाली की उत्पादक दर उतरवतात, हे साधे अर्थशास्त्र सरकारने येथे चांगले वापरले. बाजारातले एलईडी दिवेही त्यामुळे स्वस्त झाले.

आता फळाकडे वळू. जानेवारी २०२२ मध्ये योजनेला सात वर्षे झाली, तेव्हा सरकारने सांगितले की ३६.७८ कोटी दिवे वाटले गेले आणि त्यांमुळे वर्षाला ४,७७७.८ कोटी युनिट विजेची बचत होते. आपण साधा भागाकार करू. एका दिव्यामागे वर्षाला सुमारे १३० युनिट, म्हणजे रोज सुमारे ३५६ वॅट-तास एवढी बचत येते. ६० वॅटच्या साध्या बल्बच्या जागी ९ वॅटचा एलईडी दिवा आला, तर ५१ वॅट वाचतात. ३५६ ला ५१ ने भागले की उत्तर येते सुमारे ७ तास. याचा अर्थ असा, की वाटलेला प्रत्येक दिवा साध्या बल्बच्याच जागी बसला पाहिजे आणि वर्षाचे ३६५ दिवस रोज ७ तास जळला पाहिजे. तेव्हाच हा आकडा खरा ठरेल.

स्वयंपाकघरातला दिवा कदाचित इतका वेळ जळेल. न्हाणीघरातला जळेल का? काही दिवे साडेतीन तासच जळत असतील, तर त्यांची बचत निम्मी होईल. ज्या घरात आधी १४ वॅटचा सीएफएल होता तेथे केवळ ५ वॅट वाचतील, म्हणजे सात तास धरूनही वर्षाला जेमतेम १३ युनिट. पुढे लागेल म्हणून कपाटात ठेवलेला दिवा तर काहीच वाचवत नाही. वीज वाचली हे निःसंशय, पण किती वाचली ते वाटलेल्या दिव्यांच्या संख्येवरून कळत नाही. याच आकड्यावरून कर्बवायूतील घटही काढली जाते. त्यामुळे पहिले गृहीतक चुकले की पुढचा हिशेबही चुकतो.

हा दोष नवा नाही. १९८० च्या दशकात सुरू झालेल्या सुधारित चुलींच्या राष्ट्रीय कार्यक्रमात बसवलेल्या चुलींची संख्या कोटींत गेली. परंतु त्यांतल्या पुष्कळ चुली लवकरच मोडल्या किंवा वापराबाहेर गेल्या. २००२ मध्ये केंद्राने तो कार्यक्रम थांबवला. पवनचक्क्यांनाही दीर्घकाळ मुख्य सवलत मिळाली ती वाढीव घसाऱ्याची. पवनचक्की उभारली की मालकाचा प्राप्तिकर वाचे, मग ती किती वीज देते याचा त्या सवलतीशी संबंध नसे.

याहून चांगली रीत सरकारला ठाऊक नव्हती असे नाही. डिसेंबर २००९ मध्ये केंद्राने पवनऊर्जेसाठी दुसरा पर्याय दिला. वाढीव घसारा न घेणाऱ्या उत्पादकाला, विद्युतजालात दिलेल्या प्रत्येक युनिटमागे ५० पैसे. येथे पैसा यंत्राला नव्हे, तर मीटरवर नोंदलेल्या विजेला मिळतो. अर्थात वाचलेली वीज मीटरवर दिसत नाही, त्यामुळे बचत मोजणे अधिक कठीण आहे. तरीही प्रत्येक जिल्ह्यातील काही घरे नमुना म्हणून निवडून, तेथे दिवे रोज किती वेळ जळतात आणि आधी तेथे काय होते याची नोंद ठेवणे अशक्य नाही. योजनेच्या एकूण खर्चापुढे हा खर्च नगण्य ठरेल. अशा नोंदी नियमाने प्रसिद्ध झाल्या पाहिजेत.

नववी-दहावीच्या वर्गाला हे काम सहज जमेल. प्रत्येक विद्यार्थ्याने घरातील एकेका एलईडी दिव्यासाठी तीन गोष्टी लिहाव्यात : आधीच्या दिव्याचे वॅट, आताचे वॅट आणि आठवडाभरातील वापराचे तास. वॅटमधील फरकाला तासांनी गुणून १,००० ने भागले की आठवड्याची बचत युनिटमध्ये मिळेल. तिला ५२ ने गुणावे. वर्गाची सरासरी काढून ती १३० च्या शेजारी फळ्यावर लिहावी आणि फरक का पडला, ते विद्यार्थ्यांनाच शोधू द्यावे.