पंचवीस पट कोणाच्या खर्चाची?

पुण्यात भाड्याच्या फ्लॅटमध्ये राहणाऱ्या इंजिनिअर पोरांकडे दोन-तीन पुस्तकं हमखास सापडतात. कपाटात नसली तर फोनमध्ये पीडीएफ असतेच. रॉबर्ट कियोसाकीचं 'रिच डॅड पुअर डॅड' (१९९७), मॉर्गन हाउसेलचं 'द सायकॉलॉजी ऑफ मनी' (२०२०), आणि जरा जास्तच नाद असेल तर विकी रॉबिन आणि जो डॉमिंग्वेझ यांचं 'युअर मनी ऑर युअर लाइफ' (१९९२). पहिली दोन मराठीतही आली आहेत आणि एसटी स्टँडवरच्या पुस्तकांच्या टपरीपर्यंत पोचली आहेत. तिसऱ्यातून पुढे एक अख्खी चळवळ उभी राहिली. तिला 'फायर' म्हणतात. खर्च कमी, बचत भरपूर, ती गुंतवायची, आणि चाळिशीच्या आत नोकरीची गरज संपवायची.

या पुस्तकांवर आपण बोलतो ते सल्ला म्हणून. एसआयपी किती, इंडेक्स फंड कोणता, घर घ्यावं की भाड्यानं राहावं. पण ही पुस्तकं म्हणजे गोष्टीसुद्धा आहेत. त्यांत माणसं आहेत, कोण शहाणा आणि कोण मूर्ख हे ठरलेलं आहे, आणि काही माणसं मुळात आलेलीच नाहीत. मी ती बीड जिल्ह्यातून वाचली. माझं गाव धारूर तालुक्यात, बालाघाटाच्या डोंगरात. दसरा झाला की अर्धं गाव ऊसतोडीला जातं. तिथून वाचताना ही पुस्तकं कुठे टिकतात आणि कुठे तुटतात, ते मांडायचा हा प्रयत्न.

पुअर डॅड आमच्याकडे श्रीमंत असतो

कियोसाकीच्या पुस्तकात दोन बाप आहेत. स्वतःचा बाप शिकलेला, हवाईच्या शिक्षण खात्यात मोठ्या हुद्द्यावर, आणि तरी पैशाला कायम चणचण. हा 'पुअर डॅड'. दुसरा मित्राचा बाप. शाळा अर्धवट सोडलेला, पण धंद्यात मुरलेला. हा 'रिच डॅड'. पगाराच्या मागे पळणारे लोक उंदरांच्या शर्यतीत अडकलेत, हा पुस्तकाचा मुख्य सूर.

अमेरिकेतल्या मध्यमवर्गाला हे वाचून धक्का बसला असेल. आता हाच शिक्षक बाप आमच्या गावात आणून बसवा. झेडपीचा मास्तर. त्याला दर महिन्याला पगार येतो. पगाराची स्लिप दाखवली की बँक कर्ज देते. कोणाला कर्ज काढायचं असेल तर जामीन म्हणून लोक त्याच्याच दारात जातात. त्याची पोरं शिकतात, इंजिनिअर होतात. गावातला सगळ्यात 'रिच' बाप तोच. ज्या घरात तीन पिढ्यांत महिन्याचा पगार आला नाही, तिथे पगार ही शर्यत नसते. शर्यतीतून बाहेर पडायची ती पहिली फट असते.

कियोसाकीची एक व्याख्या मात्र कामाची आहे. खिशात पैसे आणते ती मालमत्ता, खिशातून काढते ती देणेदारी. हप्त्यावर घेतलेली बुलेट आणि कर्ज काढून केलेलं लग्न या व्याख्येत लगेच उघडं पडतं. पण तीच व्याख्या दोन एकर कोरडवाहू रानाला लावून बघा. पाऊस दगा देतो त्या वर्षी कापूस खिशातले पैसे काढतो, म्हणजे रान विकून टाकायचं? त्या सातबाऱ्यावरच पीककर्ज मिळतं, आणि पावसाळ्यात परत यायला ठिकाण असतं ते त्या रानामुळेच. नफ्या-तोट्याच्या दोन रकान्यांत हे बसत नाही. पुस्तक तिसरा रकाना काढत नाही.

रोनाल्ड रीडला कोणाचा फोन येत नाही

हाउसेलचं पुस्तक जास्त प्रामाणिक आहे. त्याची सुरुवातीची गोष्ट आता सगळ्यांना पाठ असेल. व्हरमाँट राज्यातला रोनाल्ड रीड. आधी पंचवीस वर्षं पेट्रोल पंपावर गाड्या दुरुस्त केल्या, मग सतरा वर्षं एका दुकानात झाडलोट केली. २०१४ मध्ये ९२व्या वर्षी वारला, तेव्हा त्याच्याकडे ८० लाख डॉलर निघाले. चांगल्या कंपन्यांचे शेअर घेतले आणि काही दशकं हातच लावला नाही, एवढंच त्याचं गुपित. थेंबे थेंबे तळे साचे, ही म्हण इतकी पटवून दुसऱ्या कोणी सांगितलेली मी वाचली नाही.

आता गोष्टीत काय नाही ते बघा. जशी ती सांगितली आहे, तीत रीडला कधी कोणाचा फोन येत नाही. भावाची बोअर कोरडी गेली, पुतणीची फी भरायची आहे, आईला अंबाजोगाईच्या दवाखान्यात हलवलंय, असा एकही फोन नाही. दुसरं म्हणजे त्या देशात बँकेतल्या ठेवींना १९३०च्या दशकापासून सरकारी विमा आहे. म्हातारपणी पेन्शन आहे. ६५ वर्षांनंतर दवाखान्याचा बराचसा खर्च उचलणारी मेडिकेअर आहे. रीडचा संयम खराच होता, पण तो या भिंतींच्या आत होता. गोष्टीत भिंती दिसत नाहीत, फक्त माणूस दिसतो.

याच पुस्तकातलं सगळ्यात चांगलं प्रकरण वेगळंच आहे. त्यात हाउसेल म्हणतो की पैशाच्या बाबतीत कोणी वेडा नसतो. ज्याने आयुष्यात जे पाहिलं, त्यावरून तो ठरवतो आणि त्याच्या जागी ते बरोबरच वाटतं. हे वाक्य मनात ठेवून बीडमध्ये या.

ज्ञानराधाचे ठेवीदार चुकले कुठे?

बीडला मुख्यालय असलेल्या ज्ञानराधा मल्टीस्टेट पतसंस्थेत २०२३च्या अखेरीला ठेवी परत मिळणं थांबलं. शाखांपुढे रांगा लागल्या. २०२४ मध्ये गुन्हे दाखल झाले, संस्थेच्या अध्यक्षांना अटक झाली, ईडीने मालमत्ता जप्त केल्या. १२ ते १४ टक्के व्याजाचं आमिष दाखवून ठेवी गोळा केल्या आणि पैसा दुसरीकडे वळवला, असा तपास यंत्रणांचा आरोप आहे. दोषी कोण ते कोर्ट ठरवेल.

माझा प्रश्न ठेवीदारांबद्दल आहे. रिटायर झालेले कर्मचारी, छोटे दुकानदार, लेकीच्या लग्नासाठी साठवणाऱ्या बाया. या लोकांनी पुस्तकांचं काय ऐकलं नव्हतं? कमी खर्चात राहिले. दर महिन्याला बाजूला टाकले. वर्षानुवर्षं हात लावला नाही. रोनाल्ड रीडचे सगळे गुण त्यांच्यात होते. जास्त व्याज म्हणजे जास्त धोका, हे पुस्तकं सांगतात आणि ते खरंच आहे. पण 'एफडीत पैसा सडतो, महागाई त्याला खाते' हेही तीच पुस्तकं सांगतात. सात टक्क्यांत पैसा सडतो हे ज्याला पटलं आणि शेअर बाजार म्हणजे जुगार असं ज्याने लहानपणापासून ऐकलं, त्याला चौकातल्या पाटीवरचे बारा टक्के शहाणपणाचेच वाटणार. शिवाय पिग्मी गोळा करायला दुकानात येणारा एजंट ओळखीचा असतो. म्युच्युअल फंडाच्या ॲपला ओळख नसते.

बँकेतल्या ठेवीला दर ठेवीदारामागे, दर बँकेत, पाच लाखांपर्यंत विमा असतो. २०२० पर्यंत तो एक लाखच होता. सहकारी बँकेलाही तो लागू आहे. पतसंस्थेला नाही, आणि 'मल्टीस्टेट' लिहिलेलं असलं तरी नाही. नावात 'बँक' आहे की 'पतसंस्था', या एका शब्दात आयुष्याच्या कमाईचा फरक असतो. बीडच्या वाचकासाठी पैशावरचं पुस्तक लिहायचं तर ते पहिल्या पानावर हवं. चक्रवाढ व्याज दुसऱ्या पानावर चालेल.

उलटा बाण

तिन्हींमध्ये 'युअर मनी ऑर युअर लाइफ' मला सगळ्यात मोठं पुस्तक वाटतं. त्याचं म्हणणं साधं आहे. पैसा म्हणजे आपण विकलेली जीवनऊर्जा. पगाराला कामाच्या तासांनी भागू नका. जाण्यायेण्याचे तास त्यात धरा, कामासाठी होणारा खर्च वजा करा, मग एका तासाची खरी किंमत कळते. वस्तू घेताना विचारा, यासाठी मी आयुष्याचे किती तास दिले?

हा हिशोब ऊसतोडीला लावू. जानेवारी २०२४च्या करारात दर ३४ टक्क्यांनी वाढून टनाला साधारण ३६६ रुपये झाला. तोडीचं एकक माणूस नसतं, 'कोयता' असतो. एक कोयता म्हणजे नवरा-बायको, दोघं मिळून. मुकादमाकडून एक लाखाची उचल घेतली असं धरा. ती फिटायला सुमारे २७३ टन ऊस तोडावा लागतो. दिवसाला दोन टन धरले तर १३६ दिवस, एकही खाडा न करता, आणि मधल्या काळात खाण्यापिण्याला काही न उचलता. त्याआधी कारखान्याचं गाळप संपलं, तर राहिलेली रक्कम पुढच्या हंगामावर जाते. आजारपणात खाडा पडला तर दंड वेगळा.

पुस्तकात भिंतीवर लावायचा एक तक्ता आहे. एक रेघ खर्चाची, एक गुंतवणुकीतून येणाऱ्या पैशाची. दुसरी रेघ पहिलीला ओलांडते त्या दिवशी तुम्ही मोकळे. फायरमध्ये आजचं काम उद्याच्या सुट्टीकडे जातं. उचलीत बाण उलटा आहे. उद्याचं काम आज खाऊन झालेलं असतं. कोयत्याची रेघ शून्याच्या खालून सुरू होते आणि तक्त्यावर शून्याखाली जागाच नाही.

जीवनऊर्जा हा शब्द इथे रूपक राहत नाही. बीडमधल्या ऊसतोड बायांच्या गर्भाशयाच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न २०१९ मध्ये विधिमंडळात गाजला आणि सरकारने समिती नेमली. जिल्ह्यात पाहणी केलेल्या ८२,३०९ स्त्रियांपैकी १३,८६१ जणींचं गर्भाशय काढलेलं होतं. कारणं बरीच आहेत, पण पाळीत खाडा परवडत नाही हे त्यातलं एक. तासाची खरी किंमत काढायचं सूत्र आपल्याकडे आहे. या तासांना ते लावायची हिंमत कोणत्याच पुस्तकात नाही.

आमच्या कट्ट्यावर कोणीतरी म्हणतंच, "आपला ईएमआय म्हणजे पण उचलच ना भावा." नाही. होम लोनचा दर लिहिलेला असतो, मुदतीआधी फेडता येतं, नोकरी बदलली तरी बँक आडवी येत नाही. मुकादमाचा हिशोब बहुतेक वेळा त्याच्याच वहीत असतो, आणि उचल फिटेपर्यंत कोयता दुसरीकडे जाऊ शकत नाही. दोन्हीला एकच नाव दिलं की आपल्याला बरं वाटतं, एवढाच त्याचा उपयोग.

खर्च म्हणजे कोणाचा?

आता फायरचा आवडता आकडा. वर्षाच्या खर्चाच्या पंचवीस पट. हा अमेरिकेतल्या विल्यम बेंगेन या सल्लागाराच्या १९९४च्या लेखावरून आला. १९२६पासूनचे तिथले शेअर आणि रोख्यांचे आकडे घेऊन त्याने दाखवलं की पहिल्या वर्षी चार टक्के काढले आणि पुढे महागाईप्रमाणे वाढवत गेलं, तरी पैसा तीस वर्षं पुरतो. तीस वर्षं, आणि अमेरिकेत. पस्तिसाव्या वर्षी रिटायर होऊ पाहणाऱ्या पोराला पन्नास वर्षं काढायची असतात, आणि महागाई भारतातली असते. हा आक्षेप जुना आहे, इंटरनेटवर भरपूर सापडतो.

माझा आक्षेप 'खर्च' या शब्दाला आहे. महिन्याला ४० हजार खर्च म्हणजे वर्षाला ४ लाख ८० हजार. पंचवीस पट म्हणजे १ कोटी २० लाख. त्यात गावाकडचे महिन्याचे १५ हजार धरले तर आकडा १ कोटी ६५ लाखांवर जातो. हे वरचे ४५ लाख म्हणजे नोकरीची आणखी काही वर्षं. यावर या पुस्तकांच्या परंपरेचं उत्तर ठरलेलं आहे. नाही म्हणायला शिका, सीमा आखा.

पण माझी इंजिनिअरिंगची फी कुठून आली? एका वर्षी शेळ्या विकून, एका वर्षी चुलत्याने उचलीतून दिलेल्या पैशांतून, आणि शैक्षणिक कर्जाला जामीन राहिलेल्या मामांमुळे. कागद न करता केलेली ती गुंतवणूक होती. तिच्यावर आज कोणी परतावा मागत असेल, तर त्याला 'सीमा आखा' हे उत्तर देता येत नाही. या व्यवस्थेचे गोडवे मात्र मी गाणार नाही. शेळ्या सांभाळल्या आईने, आणि त्या विकताना तिला कोणी विचारलं नाही. नात्यांवर एवढा भार येतो तो सरकारी दवाखाना, शिष्यवृत्ती आणि गावातलं काम कमी पडतं म्हणूनच.

म्हणून माझ्या एक्सेलमध्ये पंचवीस पटीच्या आधी एक रकाना आहे. घरातल्या दोन कोयत्यांची उचल. ती फेडून लगेच कोणी मोकळं होत नाही, हे मला माहीत आहे. हिवाळ्यात गावात काम नसेल तर पुढच्या दसऱ्याला मुकादम पुन्हा दारात येईल. पण उचल न घेता तोडीला जाणं आणि उचल घेऊन जाणं यात मोठा फरक आहे. उचल नसेल तर कारखाना निवडता येतो, दर विचारता येतो, ताप आला तर झोपता येतं, नाही पटलं तर परत येता येतं. आर्थिक स्वातंत्र्याची व्याख्या मला तरी इथून सुरू करावीशी वाटते, समोरच्याला 'नाही' म्हणता येण्यापासून. गोव्याच्या किनाऱ्यावर लॅपटॉप बंद करून बसणं त्याच्या फार पुढे येतं.

ही पुस्तकं वाचू नका असं मी म्हणणार नाही. कियोसाकी बुलेट घेण्याआधी वाचा. हाउसेल घाई झाली की वाचा. रॉबिन आणि डॉमिंग्वेझ सावकाश, वही-पेन घेऊन वाचा. फक्त खर्चाचा रकाना भरताना आपल्या शिक्षणाचा खर्च कोणी केला, त्यांची नावंही लिहा. आकडा मोठा होईल. पण तो आपला आकडा असेल.