अष्टूरची कबर : रंग आणि वंदन

भालकी-मेहकरकडील मराठी वाचकास बीदर ठाऊक असते ते बहुधा कचेरीच्या निमित्ताने. त्या शहरापासून कोसभर अंतरावर, अष्टूर येथे, बहमनी सुलतानांच्या कबरी ओळीने उभ्या आहेत. वाट वाकडी करून त्या पाहणारे मात्र थोडेच.

यांतील श्रेष्ठ वास्तू कोणती? दुसरा अल्लाउद्दीन (मृत्यू 1458) याच्या कबरीच्या दर्शनी भागास झिलईच्या रंगीत फरश्या बसविल्या होत्या. त्यांतील पुष्कळशा आज उरलेल्या नाहीत. त्याचा पिता अहमदशहा वली (मृत्यू 1436) याने गुलबर्ग्याहून राजधानी बीदरास आणली. त्याची कबर बाहेरून साधी, जवळजवळ रुक्ष; वैभव सारे आत. भिंतींपासून घुमटापर्यंत सोनेरी व शेंदरी रंगांची वेलबुट्टी, आणि कूफी, नस्ख, तुघ्रा अशा वळणांची अक्षरे. शाह नियामतुल्ला यांच्या सूफी संप्रदायाची गुरुपरंपराही तेथे लिहिलेली आहे. लिपी न जाणणाऱ्यासही त्या रेषांची लय कळते. पुत्राची वास्तू वाटसरूस दिपवू पाहते. पित्याची, उंबरठा ओलांडणाऱ्यासच आपले धन दाखविते. म्हणून माझा कौल पित्याच्या बाजूस.

शिवाय ही कबर केवळ राजाची राहिली नाही. लिंगायत भाविक अहमदशहास अल्लमप्रभूंचे रूप मानतात. उरूस हिंदू पंचांगाप्रमाणे भरतो आणि त्यात जंगमास मान असतो. येथेच खरा वाद उद्भवतो. पुराणवस्तूंचा कैवारी म्हणेल, दिव्याच्या काजळीने चित्रे जातात. भाविक म्हणेल, हे देवस्थान आहे, संग्रहालय नव्हे.

दोघांचे म्हणणे अर्धे खरे आहे. प्राचीन स्मारकांविषयीच्या 1958 च्या अधिनियमातील सोळावे कलम सांगते की, शासनाने राखलेले उपासनास्थान त्याच्या स्वरूपाशी विसंगत अशा कामी वापरू नये. उपासना तेथे विसंगत खासच नाही. तिनेच ती कबर जिवंत ठेविली. परंतु ती अक्षरेही त्या स्वरूपाचाच भाग होत. आपल्या देवळांतील मूर्ती तेलाच्या पुटांखाली आणि खांबांवरील शिल्पे तैलरंगाखाली कशी बुजतात, हे आपण नित्य पाहतो. दिवा दाराबाहेर लावावा, आत हात जोडावेत; एवढ्याने भक्तीस उणेपणा येत नाही आणि रंगही पुढच्या पिढीस उरतात.